इंग्रजीत प्रश्न विचारताना भूतकाळ की वर्तमानकाळ? मदत हवी आहे

नमस्कार. इंग्रजी वाचायला-लिहायला मला फारशी अडचण येत नाही. साधं विधान करायचं असेल तर काळही सहसा चुकत नाही. प्रश्न विचारायची वेळ आली की मात्र गाडी अडते.

मागच्या आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी नव्याने ओळख झाली. त्यांना विचारायचं होतं, "तुम्ही इथे किती वर्षं काम करताय?" मी विचारलं, "हाउ लाँग डिड यू वर्क हिअर?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आय स्टिल वर्क हिअर." आवाजात राग नव्हता, पण त्यांनी नोकरी सोडली आहे असं मी सुचवलं हे लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं. मग वाटलं, मराठीत आपण "करताय" म्हणतो, म्हणजे "हाउ लाँग आर यू वर्किंग हिअर?" बरोबर असणार. तर व्याकरणाच्या पुस्तकात तेही चूक दिलंय!

आणखी तीन ठिकाणी अशीच अडते.

काम समजावून सांगितल्यावर "समजलं का?" विचारायचं, तर "डिड यू अंडरस्टँड?" की "डू यू अंडरस्टँड?"

"डिड यू नो" कधी आणि "डू यू नो" कधी? आणि "डिड यू नो" म्हटल्यावर पुढचं वाक्यही भूतकाळात न्यायचं का?

फोनवर एकीने मला विचारलं, "व्हॉट वॉज युअर नेम अगेन?" माझं नाव तर अजून तेच आहे. मग "वॉज" कशाला?

"डिड" आलं की क्रियापद मूळ रूपात, हे पक्कं ठाऊक आहे. "डिड यू वेंट" माझ्याकडून होत नाही. नियमांची यादी नको आहे. बोलता बोलता, तोंड उघडायच्या आत, काळ ठरवायचा कसा, हे कुणी सांगेल का?

प्रतिसाद १

तुमची अडचण मला इंग्रजीपेक्षा मराठीतून आलेली वाटते. आपण रोज काय विचारतो ते बघा. "भूक लागली का?" "झोप आली का?" "पटलं का?" "ओळखलंत का मला?" "कुठे निघालात?" सगळी क्रियापदं भूतकाळी रूपातली, पण विचारतोय ते आत्ताचं. भूक लागली म्हणजे ती आत्ता आहे. मराठी ती अवस्था कशी आली ते सांगते, इंग्रजी ती आत्ता आहे का एवढंच विचारते. म्हणून "आर यू हंग्री?", "आर यू स्लीपी?", "डू यू अग्री?", "व्हेअर आर यू गोइंग?" मराठीतला "-ला, -ली, -लं" ऐकून "डिड"कडे धावलं की घोळ होतो.

"समजलं का?" हेही तसंच. समोरच्याला आत्ता कळलेलं आहे का, हे हवंय, म्हणून "डू यू अंडरस्टँड?" काल झालेल्या भाषणाबद्दल विचारत असाल तर "डिड यू अंडरस्टँड?" अगदी योग्य. एक मात्र सांगते, "डू यू अंडरस्टँड?" नुसतं म्हटलं तर दटावल्यासारखं वाटू शकतं. मी स्वतः "डज दॅट मेक सेन्स?" म्हणते. त्यात समजावून सांगण्याची जबाबदारी आपल्याकडे राहते.

आता तुमचे सहकारी. त्यांचं काम मागे सुरू झालं आणि आजपर्यंत चालू आहे. इंग्रजीत अशा दोरीची दोन्ही टोकं "हॅव"ने धरतात: "हाउ लाँग हॅव यू वर्क्ड हिअर?" किंवा "हॅव यू बीन वर्किंग हिअर?" "डिड"ने दोरी कापली जाते, म्हणून त्यांना तसं उत्तर द्यावं लागलं. आणि पाहुण्याला "हाउ लाँग आर यू हिअर फॉर?" विचारलंत तर त्याचा अर्थ होतो, अजून किती दिवस मुक्काम आहे?

बोलायच्या आधी मी मनात प्रश्नाला एक मराठी शब्द जोडून बघते. "काल" किंवा "तेव्हा" बसला तर "डिड". "आजपर्यंत" बसला तर "हॅव". "आत्ता" किंवा "एरवी" बसला तर वर्तमानकाळ. होऊन गेलेल्या गोष्टीची वेळ विचारताना मात्र नेहमी "डिड". "कधी आला आहात?" यातला "आहात" बघून "व्हेन हॅव यू कम?" म्हणू नका, "व्हेन डिड यू कम?" म्हणा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण "हॅव"च्या बाबतीत थोडी भर घालतो. "जेवलात का?" याला ब्रिटिश माणूस बहुधा "हॅव यू ईटन यट?" म्हणेल, अमेरिकन माणसाच्या तोंडी "डिड यू ईट यट?" सर्रास येतं. "यट", "ऑलरेडी", "जस्ट" असताना दोन्ही चालतात, तिथे अडून राहू नका. "हाउ लाँग"च्या बाबतीत मात्र ही सवलत नाही.

"व्हॉट वॉज युअर नेम?" हे आपल्याकडेही आहे की! "नाव काय म्हणालात?" नाव तेच आहे, भूतकाळ आहे तो तुम्ही ते सांगितलंत त्या क्षणाचा. शिवाय भूतकाळाने बोलणं मऊ होतं. समोर उभे राहून आपण "जरा एक विचारायचं होतं" म्हणतो, ते काही काल विचारायचं नसतं. "डिड यू वॉन्ट टू सी मी?" मधलं "डिड" त्याच जातीचं.

प्रतिसाद ३

"डिड यू नो"बद्दल. मी सांगायच्या आधी तुला माहीत होतं का, हा त्याचा अर्थ. माहिती हवी असेल तर "डू यू नो": "डू यू नो व्हेअर द की इज?" पुढच्या वाक्यात, गोष्ट अजून खरी असेल तर वर्तमानकाळ ठेवा: "डिड यू नो व्हेल्स आर मॅमल्स?" भूतकाळही व्याकरणात बसतो, पण "डिड यू नो ही वॉज इल?" ऐकणाऱ्याला तो अजून आजारी आहे की बरा झाला ते कळत नाही. "तो आजारी आहे हे तुला माहीत होतं का?" इथे मराठी "आहे" म्हणते, तेच धरा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. "काल", "आजपर्यंत", "आत्ता" लावून आज दिवसभर प्रश्न घोळवले. सहकाऱ्यांना उद्या पुन्हा, नीट विचारणार आहे. एकच शंका: "ओळखलंत का?" याला "डू यू रेकग्नाइज मी?" की "डू यू रिमेंबर मी?"

प्रतिसाद १

चेहरा किंवा आवाज ओळखू येतोय का, असं विचारायचं असेल तर "रेकग्नाइज". पूर्वी भेटलो होतो ते आठवतंय का, हे विचारायचं असेल तर "रिमेंबर". बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या माणसाला मी "रिमेंबर"च विचारते.