शनिवारच्या चित्रपटाविषयी

मेधाताई (बी ३०४), सकाळी ७.५०
सर्वांना नमस्कार. काल क्लबहाउसमध्ये दाखवलेल्या ‘मेमॉयर्स ऑफ अ गेशा’ या, जपानमधील एका गेशाची म्हणजे नाच-गाण्यात तयार झालेल्या कलावंत स्त्रीची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाविषयी थोडे लिहायचे आहे. चित्रपट दाखवण्यास माझी हरकत नव्हती आणि नाही. सूचनाफलकावर ‘जपानी संस्कृतीचे अस्सल दर्शन’ असे जे छापले आहे, त्याला मात्र आहे. कादंबरी १९९७ सालची, आर्थर गोल्डन या अमेरिकन लेखकाची, दिग्दर्शक रॉब मार्शल हेही अमेरिकनच, संवाद इंग्रजीत, आणि क्योतोच्या गल्ल्या म्हणून आपण जे पाहिले, त्यातले बहुतेक कॅलिफोर्नियात उभारलेल्या सेटवर चित्रित झाले आहे. यात अस्सल काय, हे समितीने कृपया सांगावे.

देशमुख (सांस्कृतिक समिती), सकाळी ८.२०
मेधाताई, आपल्या अभ्यासाविषयी आदर आहेच. परंतु तो फलक मंगळवारपासून लिफ्टशेजारी लागलेला होता, तेव्हा ही हरकत शनिवारच्या आधी आली असती तर अधिक उपयोगी ठरली असती. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा अशी तीन ऑस्कर पारितोषिके मिळालेला चित्रपट समितीने निवडला, यात आमचे काय चुकले?

पाटणकर काका (ए १०१), सकाळी ८.२४
मूळ कादंबरी वाचल्याशिवाय चित्रपटावर मत देणे योग्य नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

सुनीता वहिनी (सी २०२), सकाळी ९.०५
मला चित्रपट मनापासून आवडला, हे आधीच सांगते. लहानगी चियो, म्हणजे पुढे सायुरी होणारी नायिका, त्या शेकडो नारिंगी कमानींच्या बोगद्यातून धावत जाते, तेव्हा जॉन विल्यम्स यांचे संगीत आणि यो-यो मा यांचा चेलो ऐकून डोळ्यांत पाणी आले. ते ठिकाण तरी खरे आहे ना, मेधाताई?

मेधाताई, सकाळी ९.११
ते खरेच आहे. क्योतोचे फुशिमी इनारी देवस्थान. तेवढे दृश्य मलाही फार आवडले.

निखिल (सी ५०१), सकाळी ९.३०
मुख्य तिन्ही भूमिकांत एकही जपानी अभिनेत्री नाही, याचे मला आश्चर्य वाटले. झांग झियी आणि गाँग ली मूळच्या चीनच्या, मिशेल यो मलेशियाच्या. जपानमध्ये यावर नाराजी उमटली आणि २००६ च्या सुरुवातीला चीननेही प्रदर्शन रोखले, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जपानी अत्याचार न विसरलेल्या तिथल्या लोकांना आपल्या नट्यांनी गेशा होणे रुचले नाही. बाकी, गाँग ली यांची हात्सुमोमो, ती मत्सरी गेशा, पाहताना मला आपल्या पाणी समितीच्या बैठकांची आठवण झाली.

कामत काकू (बी १०३), सकाळी ९.३४
पाणी समितीत स्त्री सदस्य मी एकटीच आहे, निखिल. रोख कोणाकडे आहे, ते कळण्याइतकी मी शहाणी आहे.

निखिल, सकाळी ९.३६
काकू, मी अभिनयाच्या तेजाविषयी बोलत होतो. क्षमस्व.

देशमुख, सकाळी ९.५२
अभिनेत्री कुठल्या देशाच्या, हा वाद मला पटत नाही. ‘गांधी’ चित्रपटात बापू झाले बेन किंग्जली आणि कस्तुरबा झाल्या आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी. आपण दोघांनाही डोक्यावर घेतले.

पाटणकर काका, सकाळी ९.५५
पुन्हा नम्रपणे सांगतो, मूळ कादंबरी वाचल्याशिवाय चित्रपटावर मत देणे योग्य नाही.

मेधाताई, सकाळी १०.४०
नट्यांच्या राष्ट्रीयत्वाविषयी मी एक अक्षरही लिहिलेले नाही, तेव्हा देशमुखांनी ते उत्तर निखिलला द्यावे. माझा आक्षेप नाचाला आहे. क्योतोतील गिओन कोबू या गेशांच्या वस्तीत इनोउए घराण्याचे नृत्य शिकवले जाते. ते संथ, आवरलेले, पंख्याच्या किंचितशा हालचालीत सगळे सांगणारे असते. काल सायुरी उंच खडावा घालून, केस मोकळे सोडून, कृत्रिम बर्फात अंग झोकून देत होती, ते एखाद्या फॅशन शोमध्ये शोभले असते. शिवाय क्योतोत या कलावंत स्त्रियांना ‘गेइको’ म्हणतात आणि शिकाऊ मुलींना ‘माइको’. ‘गेशा’चा अर्थच मुळी कलेत निपुण व्यक्ती असा आहे, आणि काल माझ्या मागच्या रांगेत या शब्दाचा जो अर्थ एकमेकांना सांगितला जात होता, तो ऐकून मला उठून जावेसे वाटले.

कामत काकू, सकाळी ११.०२
मागच्या रांगेत मी नव्हते, हे नोंदवून ठेवते. मात्र कोवळ्या मुलीच्या कौमार्यावर बोली लावण्याचा तो प्रसंग चालू असताना पुढच्या चटयांवर आपली मुले बसली होती, ही समितीची चूक आहे. आमच्या गोव्यात कलावंतिणींच्या घरांतून किती थोर गायिका आल्या, पण बाहेरच्या माणसाला त्या घरांविषयी एकच प्रश्न सुचत असे. त्यामुळे विचारते, चित्रपटात त्या बोलीला मिझुआगे म्हणतात, ती म्हणजे आपल्याकडची नथ उतरवण्याची चालच ना?

मेधाताई, सकाळी ११.४८
काकू, खरा वाद नेमका इथेच आहे. मिनेको इवासाकी या गिओनमधील नामवंत गेइकोने गोल्डन यांना मुलाखती दिल्या होत्या. आपले नाव गुप्त राहील असे ठरले होते, असे त्यांचे म्हणणे आहे. पण लेखकाने पुस्तकात आभार मानताना त्यांचे नाव छापले. ज्या जगात गिऱ्हाइकाची गोष्ट दाराबाहेर न नेणे हाच पहिला धर्म, तिथे ही केवढी नाचक्की असेल, याची कल्पना करा. त्यांनी २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, तो २००३ मध्ये तडजोडीने मिटला. मधल्या काळात त्यांनी स्वतःचे आत्मचरित्र लिहिले आणि आपल्या बाबतीत अशी बोली कधीच लागली नव्हती, असे ठामपणे सांगितले. त्यांच्या सांगण्यानुसार मिझुआगे म्हणजे केशरचना बदलून माइकोने पुढच्या टप्प्यावर जाण्याचा विधी. युद्धपूर्व काळात काही ठिकाणी तसा व्यवहार होत असे, हे मी नाकारत नाही. चित्रपटाचा काळही तोच आहे. पण ज्या बाईने विश्वासाने दार उघडले, तिच्याच अंगावर जगभरच्या वाचकांनी तो प्रसंग चिकटवला.

सुनीता वहिनी, दुपारी १२.१०
हे मला ठाऊक नव्हते. चित्रपट आवडला हे मी मागे घेत नाही, पण आता तो प्रसंग आठवून अस्वस्थ वाटते आहे.

निखिल, दुपारी १२.१५
म्हणजे कादंबरी ही सत्यकथा नाही? सुरुवातीला अनुवादक प्राध्यापकाचे निवेदन आहे, त्यावरून मी ते खरे आत्मकथनच समजत होतो.

मेधाताई, दुपारी १२.१८
तो प्राध्यापकही लेखकाच्या कल्पनेतलाच आहे. गोल्डन यांनी जपानी कला आणि इतिहास यांचे शिक्षण घेतले होते, त्यामुळे किमोनो, घरातली कर्जाची वही, थोरल्या ‘बहिणीचा’ मान, असा तपशील ते जाणकारीने भरतात, आणि म्हणूनच वाचक फसतो.

पाटणकर काका, दुपारी १२.२१
मी सकाळपासून हेच सांगतो आहे. मूळ कादंबरी वाचल्याशिवाय चित्रपटावर मत देणे योग्य नाही.

कामत काकू, दुपारी १२.२३
पाटणकर, आपण स्वतः वाचली आहे का?

देशमुख, दुपारी १.०५
मुलांच्या बाबतीत चूक झाली, ती समितीला मान्य आहे. यापुढे वयोमर्यादा फलकावर लिहिली जाईल. पुढच्या महिन्यात जपानी दिग्दर्शकाचा जपानी भाषेतील चित्रपट दाखवू, निवड मेधाताईंनी करावी आणि आधी दहा मिनिटे बोलावे. सत्तेचाळीस खुर्च्या भरतील की नाही, याची जबाबदारी मात्र आता त्यांची.

मेधाताई, दुपारी १.१२
जबाबदारी मान्य आहे.

देशमुख, सायंकाळी ६.४०
सूचनाफलकावरील ‘जपानी’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द कोणीतरी शाईने खोडून वर ‘हॉलिवूडच्या’ असे लिहिले आहे. अक्षर ओळखीचे आहे.

मेधाताई, सायंकाळी ६.४३
माझेच आहे. नवा कागद लावणार होते, पण टाचण्या आपल्या कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप होते.

पाटणकर काका, सायंकाळी ६.५०
कामत काकू, निम्मी वाचली आहे.