‘कोर्स-ग्रेन्ड मॉडेल’ला ‘भरड प्रतिमान’ चालेल का?

कृष्णाकाठ: सांगलीत एम.एस्सी. करतोय. डीएनएचे धागे आपोआप जुळून आकार घेतात आणि ते संगणकावर कसं बघतात, यावर कॉलेजच्या अंकासाठी लेख लिहितोय. ‘सेल्फ-असेंब्ली’ला स्वयंजुळणी ठरवलं. अडलंय ते ‘कोर्स-ग्रेन्ड’पाशी, म्हणजे सुटा अणू न् अणू न धरता अणूंचा अख्खा गट एकच तुकडा धरणाऱ्या संगणकी मॉडेलपाशी. सर ‘स्थूलकणी’ म्हणतात, पण घरी वाचून दाखवलं तर सगळे नुसतेच बघत राहिले.

हळदपेठ: भरड म्हणा की! जनावरांना मक्याचा भरडा घालतो, तो अख्खा दाणा नव्हे आणि पीठही नव्हे.

मिरजेची ताई: मला पटत नाही. ‘जाडंभरडं काम’ म्हणजे उरकलेलं काम. वाचकाला वाटेल, शास्त्रज्ञांनी आळस केला.

जुना जुळारी: ताई, आळस नाही, नाइलाज आहे. प्रत्येक अणू धरून गणित करायचं तर एकेक पाऊल सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाएवढं टाकावं लागतं, आणि परीक्षानळीत आकार जुळायला कधी कधी तास जातात. म्हणून ऑक्सफर्डमध्ये तयार झालेल्या ‘ऑक्सडीएनए’ या मॉडेलात अख्खा न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएच्या धाग्याचा एकेक मणी, एकच ताठ तुकडा धरतात, पाण्याचे रेणू तर वगळूनच टाकतात. राखतात ते नेमकं हवं तेवढंच: समोरासमोरच्या धाग्यांतल्या बेसांच्या (ए, टी, जी, सी ही मण्यांवरची अक्षरं) ए-टी, जी-सी जोड्यांची ओढ, बेस एकावर एक रचून बसणं, दुपदरी धाग्याचा ताठरपणा. हा धागा साधारण ५० नॅनोमीटरपर्यंत सरळ राहतो, एकपदरी मात्र लुळा. काय टाकायचं हे ठरवूनच भरडलेलं असतं. ‘स्थूलकणी’त कण मोठे झाले एवढंच कळतं, कुणी भरडलं ते नाही.

मिरजेची ताई: बरं, ‘भरड’ मान्य. पण पहिल्यांदा येईल तिथं एक वाक्य खुलाशाचं टाका. ‘प्रतिमान’ऐवजी सरळ ‘मॉडेल’ लिहिलंत तरी माझी हरकत नाही.

कृष्णाकाठ: टाकतो. आणखी एक. शास्त्रज्ञ पॉल रोथमुंड यांच्या २००६च्या डीएनए ओरिगामीत (डीएनएच्या घड्या घालून आकार करणं) एम१३ विषाणूचा ७,००० हून जास्त न्यूक्लिओटाइडांचा लांब धागा दोनशेहून जास्त आखूड धाग्यांनी घडी घालून धरलाय. त्या ‘स्टेपल’ना टाचण्या म्हणू?

जुना जुळारी: टाके म्हणा. टाचणी बाहेरून खुपसतात, हे तर धाग्यालाच धाग्यानं धरणं आहे. शिवाय मिश्रण तापवलं की ते सुटतात. ‘टाके उसवले’ असं लिहिता येईल.