वर्गातलं कौतुक: काय म्हणता, कधी म्हणता, कुठं फसतं?

दिवसातून पन्नास वेळा 'शाबास' म्हणूनही मूल जागचं हलत नाही, आणि कधी एकच वाक्य त्याला कामाला लावतं. सोलापूर शहरात आणि तालुक्यांत शिकवणाऱ्यांनी यावर लिहावं म्हणून हा धागा. नेमके शब्द आणि नेमक्या चुका लिहा.

दुसरीच्या वर्गशिक्षिका

52 – 27 चं उत्तर मुलानं 35 लिहिलंय. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं उलटं सातातून दोन घालवले. यावर लाल फुली मारली तर बरोबर काय होतं ते त्याला कळत नाही, आणि 'छान प्रयत्न' म्हटलं तर चुकलं काय तेही कळत नाही. म्हणायचं असं: "एककाखाली एकक, दशकाखाली दशक सरळ मांडलंस." मग पुढ्यात दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवायच्या. "यातल्या सात सुट्या काड्या मला दे." मूल थबकतं, गठ्ठ्यांकडे बघतं, आणि एकाचं रबर काढायला लागतं. तेव्हाच म्हणायचं, "गठ्ठा सोडायचं तुझं तुला सुचलं." तास संपल्यावर म्हणून उपयोग नाही, तोवर ते काय केलं हेच विसरलेलं असतं.

दोन वाक्यांच्या मध्ये 'पण' घालू नका. "छान मांडलंस, पण..." म्हटलं की मुलाला फक्त 'पण'च्या पुढचं ऐकू येतं.

पूर्व भाग, मराठी माध्यम

आमच्याकडे निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू. पहिलीतलं मूल सांगतं, "बाई, माझा वही हरवला." तेलुगूत वस्तूंना आपल्यासारखं स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, कन्नडमध्येही नसतं. म्हणजे हा निष्काळजीपणा नव्हे. इथं कौतुक पूर्ण वाक्य बोलल्याचं करायचं, आणि बरोबर रूप आपल्या उत्तरात सहज द्यायचं: "पूर्ण वाक्यात सांगितलंस! कुठं हरवली तुझी वही?" तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावू नये, चारचौघांत दोनदा सुधारलेलं मूल आठवडाभर तोंड उघडत नाही. सुरुवातीच्या दिवसांत 'बागुंदी' (तेलुगूत 'छान आहे') म्हणा, अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या मुलांना 'छलो' म्हणा. घरातल्या शब्दातलं कौतुक लगेच पोचतं.

माध्यमिक, गणित

'हुशार' हा शब्द मी वर्गात वापरत नाही. 1998 मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काहींना हुशारीबद्दल शाबासकी मिळाली, काहींना मेहनतीबद्दल. नंतर अवघड कोडी आली. ती न सुटल्यावर 'हुशार' ठरलेल्यांची चिकाटी आणि कामगिरी दोन्ही खालावली. कारण उघड आहे: हुशारीवर कौतुक झालं असेल, तर अपयशाचा अर्थ 'आपण हुशार नाही' असा लागतो.

याचा अर्थ 'मेहनत केलीस' एवढंच घोकायचं असाही नाही. तीनदा चुकीच्याच रीतीनं सोडवलेल्या उदाहरणावर मेहनतीचं कौतुक करणं म्हणजे मुलाला आणखी भरकटवणं. रीत बदलल्याचं करा: "आकृती काढून बघितलीस, तिथं गणित सुटलं."

आठवी-नववीला उभं करून कौतुक नको. मधल्या सुट्टीत त्याला 'सरांचा लाडका' ऐकावं लागतं, आणि पुढच्या वेळी हात वर होत नाही. वही परत देताना हळू आवाजात सांगा. मागच्या बाकावरून "भारी सोडवलास बे!" आलं, तर ते 'बे' चालू द्या. मित्राच्या त्या शब्दाचं वजन आपल्या शाबासकीहून जास्त असतं.

मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा

कौतुक त्याच सहा-सात मुलांचं होतं. मधली मुलं, त्रासही न देणारी आणि चमकही न दाखवणारी, महिनोन् महिने कोरडी राहतात. उपाय साधा आहे. चाळीसचा पट असेल तर रोज पाच नावं ठरवा, आठ दिवसांत पट फिरतो. सकाळी उजव्या खिशात पाच चिंचोके ठेवा, ज्याच्यात काही खरं दिसलं त्याचा चिंचोका डाव्या खिशात. शाळा सुटताना उजवीकडे उरला, तर ते नाव उद्या पहिलं. कोटा भरायला खोटं बोलू नका, मुलांना लगेच कळतं.

वर्णनात्मक नोंदींचंही तेच. 'प्रगती समाधानकारक' चाळीस जणांपुढे लिहिण्यापेक्षा 'जोडाक्षरं न अडखळता वाचतो' लिहिलं, तर पुढच्या वर्गशिक्षकाला कुठून सुरू करायचं ते समजतं.

बालवाडी ताई

स्टारचा तक्ता भिंतीवरून काढा. शेवटच्या चार नावांपुढच्या रिकाम्या ओळी ती मुलं रोज बघतात.

वरच्या ताईंना दुजोरा

बक्षीस आधी कबूल करण्यातही धोका आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या 1973 च्या प्रयोगात प्रमाणपत्र मिळणार हे सांगून ज्यांच्याकडून चित्रं काढून घेतली, ती बालवाडीची मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. स्टार द्यायचेच असतील, तर काम झाल्यावर, न सांगता, आणि कशाबद्दल ते तोंडानं सांगून द्या.