मलेरियाची प्रतिबंधक गोळी आणि डोक्यावर होणारा परिणाम, खरंच होतं का असं?

सांजसावली:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा घाईचा आहे आणि थोडा खाजगी पण. ऑफिसच्या कामासाठी लवकरच आफ्रिकेत जायचंय, सहाराच्या दक्षिणेला, आणि मुक्काम काही महिन्यांचा. यलो फिव्हरची लस वगैरे झाली, मलेरियासाठी डॉक्टरांनी मेफ्लोक्विन लिहून दिलंय, आठवड्यातून एकच गोळी, लक्षात ठेवायला सोपी म्हणून. चिठ्ठी दोन मिनिटांत हातात. घरी येऊन पाकिटातला तो बारीक अक्षरांचा घडीचा कागद उघडला आणि झोपच उडाली माझी. चिंता, नैराश्य, भास, संशय, आत्महत्येचे विचार, आणि हे सगळं गोळी बंद केल्यावरही राहू शकतं म्हणे!

आता खाजगी भाग. काही वर्षांपूर्वी मला पॅनिक अटॅक यायचे, बराच काळ औषध चालू होतं, मग डॉक्टरांनीच हळूहळू बंद केलं. आता छान आहे, कामं करते, फिरते. पण गोळी लिहून देताना असलं काही विचारलंच नाही कोणी. नवरा म्हणतो सरळ काहीच घेऊ नकोस, मच्छरदाणी लाव आणि क्रीम फास, तर ऑफिसातले एक सीनियर म्हणतात अगं आम्ही वर्षानुवर्षं घेतली, काही होत नाही, नेटवर वाचणं बंद कर. कोणाचं ऐकू? कोणी ही गोळी घेतली असेल तर कृपया खरं काय ते सांगा.

पायाला_भिंगरी:
मी घेतलीय. सगळ्यांना असं होत नाही हे आधीच सांगतो, आमच्या टीममध्ये बाकीच्यांनी तीच गोळी घेतली आणि मजेत होते.

पहिल्या गोळीला काहीच जाणवलं नाही. नंतर स्वप्नं सुरू झाली. स्वप्नं म्हणजे आपली नेहमीची विस्कळीत स्वप्नं नव्हेत, रंग, आवाज, वास सगळं लख्ख. एकदा स्वप्नात रूममेटशी कडाक्याचं भांडण झालं आणि सकाळी तो बिचारा गुड मॉर्निंग म्हणाला तर मी उत्तरच देईना, कारण माझ्या लेखी ते भांडण झालेलं होतं. इथपर्यंत हसण्यावारी गेलं. मग जेवताना कोणी हळू आवाजात बोललं की ते माझ्याबद्दलच आहे असं वाटायला लागलं. रात्री दाराची कडी लावलेली डोळ्यांना दिसतेय तरी उठून हाताने चाचपायची, गादीवर येऊन पडायचं, पुन्हा उठायचं, पुन्हा चाचपायची, असं पार उजाडेपर्यंत.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे आपल्याला काही होतंय असं वाटतच नाही हो. मला वाटायचं लोक बदललेत, जागा चांगली नाही, बॉस डूख धरून आहे. गोळीचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही, रूममेटच्या आला. त्याने परस्पर साइटवरच्या डॉक्टरांना गाठलं, त्यांनी ती गोळी थांबवून लगेच डॉक्सीसायक्लिन हे मलेरिया टाळायचं दुसरं औषध चालू केलं. संशय हळूहळू ओसरला पण एकदम नाही, आणि चक्कर मात्र चिवट निघाली, जिना उतरताना कठडा धरल्याशिवाय पाय टाकवत नव्हता. आता बरा आहे. पण पॅनिक अटॅकचा इतिहास असताना ही गोळी? मी तरी हातसुद्धा लावला नसता.

स्टेथोवाली:
ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये बसते म्हणून लिहितेय, पण इथे लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन समजू नका.

सांजसावली, तुम्ही सांगितलेला इतिहास असेल तर मेफ्लोक्विन देत नाहीत. नैराश्य, चिंतेचे विकार, सायकोसिस (म्हणजे वास्तवाचं भान सुटणं), स्किझोफ्रेनिया, फिट्स, यापैकी काही असलं की ही गोळी वर्ज्य. अमेरिकेतलं लेबल 'सध्या किंवा अलीकडच्या काळात' असं म्हणतं, ब्रिटनमधलं त्याहून कडक आहे, तिथे पूर्वी होऊन गेलेलं पण मोजतात. म्हणजे 'आता ठणठणीत आहे' हे उत्तर इथे चालत नाही. २०१३ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, यावर बॉक्स्ड वॉर्निंग टाकली, म्हणजे लेबलवरचा सगळ्यात कडक इशारा, आणि चक्कर, तोल जाणं, कानात आवाज हे त्रास गोळी थांबवल्यावरही राहू शकतात, काहींना कायमचे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

भिंगरींना हळूहळू का उतरलं त्याचं कारण सांगते. या औषधाचं अर्धआयुष्य, म्हणजे शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण दोन ते चार आठवडे आहे. तोच तर याचा गुण, म्हणून आठवड्याला २५० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. पण त्रास सुरू झाला की तोच गुण अंगावर येतो, कारण आज बंद केली तरी पुढचे कित्येक आठवडे ती शरीरात राहते. म्हणूनच ज्यांना ही द्यायची त्यांना आम्ही प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करायला सांगतो. त्रास व्हायचा असेल तर बहुतेकांना पहिल्या तीन डोसांतच दिसतो, आणि तो घरी दिसलेला बरा, परक्या ठिकाणी नको. कारण नसताना बेचैनी, घाबरल्यासारखं होणं, उदास वाटणं, गोंधळल्यासारखं वागणं यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी घ्यायची नाही, डॉक्टरांना कळवून दुसरं औषध चालू करायचं. 'बघू अजून एक आठवडा' करू नका.

आणि हे नेटवरचं पिकवलेलं नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जवळपास हजार प्रवाशांना दोन गट करून मलेरिया टाळायची दोन वेगवेगळी औषधं दिली होती, कोणाला कुठलं दिलंय हे ना प्रवाशाला माहीत ना डॉक्टरला. झोप, स्वप्नं, मूड, चक्कर असल्या तक्रारी मेफ्लोक्विनच्या गटात २९ टक्के आणि अ‍ॅटोवाक्वोन-प्रोग्वानिलच्या गटात १४ टक्के. यातल्या बहुतेक तक्रारी सौम्य असतात. भास, फिट असे गंभीर प्रकार अगदी विरळ, नेहमी सांगितला जाणारा आकडा साधारण दहा हजारांत एक असा आहे. पण आधीपासून असा इतिहास असलेल्याने तो सरासरी आकडा स्वतःला लावून घेऊ नये.

रोखठोक:
सगळं मान्य, पण वाचणाऱ्यांनी यातून 'गोळीच नको' असा अर्थ काढू नये म्हणून लिहितोय. मी मेफ्लोक्विन भरपूर घेतलंय, एकदाही काही झालं नाही, पण माझा मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा की सांजसावलींच्या मिस्टरांचा सल्ला सगळ्यात धोक्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये मलेरियाने जवळपास सहा लाख माणसं गेली आणि त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत. तिथला मलेरिया म्हणजे मुख्यतः फाल्सिपेरम, मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, ज्यांच्या अंगात त्याची सवय नाही त्यांना तो एक-दोन दिवसांत आडवा करतो. मेंदूत गेला तर भ्रम, फिट, कोमा. गोळीने डोकं फिरेल म्हणून घाबरायचं आणि मलेरियाने फिरवून घ्यायचं, याला काय अर्थ आहे?

आमच्याबरोबर एकजण असाच 'मी नॅचरल राहतो' म्हणून मिरवायचा, गोळ्या बॅगेत तशाच. ताप आला तर फ्लू समजून झोपून राहिला, शेवटी उचलून न्यावं लागलं. वाचला, पण त्याला ते दिवस आठवतच नाहीत. मच्छरदाणी लावाच, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पूर्ण बाह्यांचे कपडे, डीटवालं (डास पळवणारं) क्रीम, सगळं करा, पण गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नाही.

जुनी_पानं:
या गोळीचा इतिहास वाचण्यासारखा आहे, थोडं अवांतर होईल, चालवून घ्या.

मेफ्लोक्विन शोधलं तेच अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेत, व्हिएतनाम युद्धात क्लोरोक्विन या तेव्हाच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारा मलेरिया सैनिकांना गाठायला लागला म्हणून. १९८९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, लारियम नावाने जगभर गेलं. आणि मग गंमत बघा, ज्यांच्यासाठी बनवलं त्यांच्याकडूनच सगळ्यात जास्त बोंब. कॅनडाने १९९२-९३ मध्ये सोमालियात पाठवलेल्या सैनिकांना दिलं होतं, त्यावरून पुढे बरीच वर्षं वाद चालला. ब्रिटनमध्ये पार्लमेंटच्या संरक्षण समितीने २०१६ मध्ये चौकशी करून सांगितलं की हे अगदी शेवटचा उपाय म्हणूनच द्यावं, कॅनडाच्या सैन्यानेही २०१७ मध्ये तेच धोरण घेतलं, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने चौकशी केली.

ब्रिटिश समितीचा मुख्य आक्षेप मला फार पटला. औषध वाईट की चांगलं यापेक्षा, देण्याआधी प्रत्येक सैनिकाला समोर बसवून त्याचा मानसिक इतिहास विचारायला हवा होता आणि ते नीट होत नव्हतं, यावर त्यांचं बोट होतं. सैन्यात आपल्याला नैराश्य होतं असं स्वतःहून कोण सांगणार? सांगितलं तर मोहिमेवरून नाव कटायची भीती. सांजसावलींना ऑफिसच्या कामासाठी जायचंय म्हणून हे लिहावंसं वाटलं.

सांजसावली:
जुनी_पानं, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ऑफिसात हे कोणालाच माहीत नाही आणि कळू द्यायचंही नाहीये, त्यामुळे 'मला दुसरी गोळी हवी' म्हटलं की कारण विचारतील ही धास्ती होतीच. स्टेथोवाली, मेफ्लोक्विन रद्द हे कळलं, पण मग दुसरं काय? आणि त्या दुसऱ्यांनी असं काही होत नाही का? शिवाय मला हा पण प्रश्न पडलाय की तिकडे गेल्यावर एकटीला उदास वाटलं तर ते गोळीमुळे की घरच्या आठवणीने हे ओळखायचं कसं?

स्टेथोवाली:
कारण फक्त डॉक्टरांना सांगायचं, ऑफिसला नाही. ऑफिसला एवढंच, की डॉक्टरांनी औषध बदललं. यात लपवाछपवी काही नाही, तुमची तब्येत तुमची आहे.

पर्याय मुख्यतः दोन. अ‍ॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल रोज एक, निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून, परत आल्यावर ७ दिवस. जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची, स्निग्ध पदार्थ पोटात असले की नीट शोषली जाते, आणि रोज एकाच वेळेला. पोट बिघडणं, तोंड येणं, कधी विचित्र स्वप्नं हे हिच्यातही होतं, पण मनावर होणारे त्रास मेफ्लोक्विनपेक्षा बरेच कमी. दुसरं डॉक्सीसायक्लिन, १०० मिलिग्रॅम रोज, हेही एक-दोन दिवस आधीपासून पण परतल्यावर पूर्ण ४ आठवडे. हे घेताना ऊन बाधतं, त्वचा भाजल्यासारखी लाल होते. भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. अ‍ॅसिडिटीची किंवा लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नका. गरोदरपणात चालत नाही, तसा काही विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. खरं तर गरोदर बाईला अशा भागात जाणं टाळताच येत नसेल तर मेफ्लोक्विनच कामी येतं, त्यामुळे ते अगदीच टाकाऊ नाही.

कोणी टॅफेनोक्विनचं नाव काढेल म्हणून आधीच लिहिते. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, प्रवासात आठवड्याला घ्यायचं, ऐकायला छान. पण सायकोसिसचा इतिहास असेल तर प्रतिबंधासाठी ते चालत नाही, आणि आधी जी६पीडी या एन्झाइमची रक्ततपासणी लागते, नाहीतर तांबड्या पेशी फुटू शकतात.

ओळखायचं कसं? खरं सांगायचं तर नेहमी ओळखता येत नाही. नवी जागा, उलटीपालटी झोप, एकटेपणा यांनीही माणूस कोमेजतो, आणि मलेरियाच्या तापातही बडबड होते. म्हणून एक काम करा, सोबतच्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा की माझ्या वागण्यात बदल दिसला तर मला तोंडावर सांग. भिंगरींचं उदाहरण आहेच समोर. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार नुसता डोकावला तरी, कारण गोळी असो की आणखी काही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा.

पायाला_भिंगरी:
डॉक्सीबद्दल एक ऐका, रिकाम्या पोटी घेऊ नका, मळमळीने जीव नकोसा होतो. बाकी मला त्यावर डोक्याचा काही त्रास झाला नाही.

सांजसावली:
अपडेट देते. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, जुनी फाईल समोर ठेवली, त्यांनी मेफ्लोक्विन काढून अ‍ॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल लिहून दिलं. किडनीचा काही त्रास आहे का तेही विचारलं, नाहीये. नवऱ्याला रोखठोक यांचा प्रतिसाद वाचायला दिला, आता तोच मोबाईलवर रोजचा अलार्म लावून बसलाय. फक्त एक सांगा, परत आल्यावरचे ७ दिवस झाले की विषय संपला ना?

स्टेथोवाली:
गोळीपुरता संपला. पण परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी 'मी आफ्रिकेतून आलेय' हे पहिलं वाक्य. कुठलीच गोळी शंभर टक्के नसते, आणि काही प्रकार यकृतात लपून बसतात, ते वर्षभराने पण डोकं वर काढतात, त्यामुळे त्यानंतर ताप आला तरी प्रवासाचा उल्लेख कराच. आणि ते उरलेलं मेफ्लोक्विन ऑफिसातल्या कोणाला देऊ नका हं.