मदत हवी आहे: तुकडेबंदीचं विधेयक नागपूरला येतंय आणि आमची तारीख दीड महिन्याने हुकतेय

दीडगुंठा:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा. लांबलचक झालंय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळं लिहितेय.

हवेली तालुक्यात पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हद्दीत आम्ही दीड गुंठा जागा घेतलीय. म्हणजे घेतलीय असं आपलं आम्ही म्हणतो. सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव आहे. आमच्याकडे काय तर पाचशेच्या स्टँपवर केलेली नोटरी, प्लॉटिंगवाल्याने दिलेला झेरॉक्स नकाशा ज्यात आमचा १७ नंबर पिवळ्या पेनने रंगवलाय, आणि जागेवर चार सिमेंटचे खांब, त्यातला एक मागच्या पावसाळ्यात आडवा झाला. नऊ लाख गेलेत. त्यात सासूबाईंच्या पाटल्या आहेत, त्या कधी बोलून दाखवत नाहीत पण लग्नाकार्याला जाताना हातात नुसत्या काचेच्या बांगड्या दिसतात तेव्हा माझंच मला कसंतरी होतं.

खरेदीखत का नाही केलं विचाराल तर होतच नव्हतं. बागायतीला १० गुंठे, जिरायतीला २० गुंठे याच्या खालचा तुकडा रजिस्टर होत नव्हता म्हणे, १९४७ चा तुकडेबंदी कायदा. मग अकरा जण मिळून अकरा गुंठे सामायिक खरेदी करा नाहीतर नोटरी करा, प्लॉटिंगवाला म्हणाला नोटरीच बरी, कायदा आज ना उद्या उठणारच आहे.

आणि यावर्षी, ९ जुलै २०२५ ला, खरंच महसूलमंत्री बावनकुळे यांनी विधानसभेत सांगितलं, १ जानेवारी २०२५ पर्यंतचे तुकडे एक गुंठ्यापर्यंत कायदेशीर करणार. आमच्याकडे त्या रात्री श्रीखंड आणलं होतं. आमची नोटरी २९ नोव्हेंबर २०२४ ची, म्हणजे आम्ही आरामात बसत होतो.

आता नोव्हेंबरमधे अध्यादेश आला तर त्यात १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ असं आहे!! मी तीनदा वाचलं, मग ह्यांना वाचायला लावलं, मग पुतण्याला. तेच आहे. जुलैत १ जानेवारी सांगितलेली तारीख मधल्या मधे अडीच महिने मागे कशी गेली आणि कधी गेली? आमच्या ग्रुपवर कोणालाच पत्ता नाही, सगळे अजून तो जुलैतला व्हिडिओच फॉरवर्ड करतायत.

८ डिसेंबर २०२५ पासून नागपूरचं अधिवेशन आहे, तिथे या अध्यादेशाचं विधेयक येणार म्हणतात. मला हे विचारायचंय की विधेयकात ही तारीख बदलू शकते का, का अध्यादेशात जे छापलं तेच येणार? विधेयक आपल्यासारख्याला वाचायला कुठे मिळतं? आणि आमच्यासारख्यांनी काही लिहून दिलं तर ते कोणी वाचतं का, का टोपलीत?

अजून एक, हे लिहू की नको करत होते. आमचा पहिला चेक इसाराचा, ५१ हजारांचा, २२ सप्टेंबर २०२४ चा आहे आणि त्याची इसार पावती आहे. तो धरला तर आम्ही तारखेच्या आत येतो का? कारण प्लॉटिंगवाला आता म्हणतोय टेन्शन घेऊ नका वहिनी, माझ्याकडे शंभरचे जुने स्टँप पडलेत, ऑगस्टची नोटरी बनवून देतो, वीस हजार आणि वर ती दंडाची ५ टक्के रक्कम माझ्याकडे द्या, मी भरतो. ह्यांचं मन वळायला लागलंय. मला भीती वाटतेय. प्लीज कोणीतरी जाणकाराने सांगा.

कोकणातला_बाबू:
ताई आधी एकच सांगतो, तो ऑगस्टचा कागद करू नका. बाकी मंडळी सांगतीलच.

सातबारा_सम्राट:
महसुलात ३१ वर्षं काढून रिटायर झालोय, म्हणून जरा सविस्तर.

वहिनी म्हणणाऱ्या माणसाला वीस हजार देणं म्हणजे स्वतःच्या पैशाने स्वतःवर गुन्हा दाखल करून घेणं. नोटरीकडे रजिस्टर असतं, त्यात अनुक्रमांकाने नोंदी असतात, ऑगस्टच्या पानावर तुमची नोंद घुसवायला जागा नसते. स्टँप कोणी कोणाला कधी विकला त्याची नोंद विक्रेत्याकडे. शंभरचा जुना स्टँप म्हणतोय त्यातच त्याची हुशारी दिसते, ऑक्टोबर २०२४ मधे किमान स्टँप शंभरचा पाचशे झाला हे त्याला पक्कं माहितेय. पण तुमचे नऊ लाख बँकेतून गेलेत ना? ते कधी गेले हे पासबुक बोंबलून सांगेल. ऑगस्टमधे पूर्ण मोबदला मिळाला असं लिहिणार आणि पैसे नोव्हेंबरला जाणार, हे तहसीलमधला नवा कारकूनसुद्धा पकडेल. आणि मूळ शेतकऱ्याच्या पोरांनी उद्या भाव वाढले म्हणून भांडण काढलं तर तुमचा खरा नोव्हेंबरचा कागदसुद्धा त्या खोट्या कागदामुळे संशयात जाईल.

दुसरं, ५ टक्के कसले? तुकडा नियमित करून घ्यायचे २०१७ च्या दुरुस्तीत बाजारमूल्याच्या २५ टक्के होते, १५ ऑक्टोबर २०२४ च्या अध्यादेशाने ते ५ वर आणले आणि डिसेंबर २०२४ ला नागपुरातच त्याचं विधेयक मंजूर झालं. तुम्ही म्हणता तो १५ ऑक्टोबर इथूनच आलाय बहुतेक. आताच्या अध्यादेशात त्या मुदतीतल्या व्यवहारांना ते टक्केच माफ आहेत. शून्य. म्हणजे तुम्ही मुदतीत असाल तर ५ टक्के लागत नाहीत आणि नसाल तर याच्याकडे भरून काही उपयोग नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी, ती भरावीच लागेल, आणि ती सरकारात भरायची, याच्या हातात नाही.

दीडगुंठा:
काका, हे मी मोठ्याने वाचून दाखवलं घरी. ५ टक्क्यांचं ऐकून हे एकदम गप्प झाले.

मागचा_बाक:
एका आमदारांच्या ऑफिसला सहा वर्षं होतो, विधेयकांचे गठ्ठे फोडून कपाटात लावणं हे माझं काम, त्यामुळे या भागाचं मी सांगतो.

सभागृहात मंत्री बोलले म्हणजे कायदा झाला हे आपल्याकडे सगळेच धरून चालतात, टीव्हीवाले पण. मंत्र्यांचं उत्तर हा इरादा असतो. कायदा जो छापला जातो तो. जुलै आणि नोव्हेंबरच्या मधे फाईल महसूल, विधी व न्याय, मंत्रिमंडळ अशी फिरते आणि त्या प्रवासात तारखा, शब्द, अटी बदलतात. ऑक्टोबरच्या मंत्रिमंडळ निर्णयातच १५ ऑक्टोबर २०२४ आलं होतं, बातम्यांच्या खालच्या परिच्छेदात होतं, वर मथळा आपला 'तुकडेबंदी रद्द'.

आता अध्यादेश. विधिमंडळ चालू नसतं तेव्हा राज्यपाल काढतात, घटनेचं कलम २१३. लागू असेपर्यंत तो कायदाच असतो, पण त्याचं आयुष्य थोडं. अधिवेशन सुरू झालं की सभागृहापुढे ठेवायचा, आणि बैठक पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याच्या जागी कायदा नाही झाला तर तो गळून पडतो. म्हणून नागपूरला विधेयक आणतात. अध्यादेशाच्या जागी येणारं विधेयक बहुतेक वेळा जसंच्या तसं असतं, खोटी आशा दाखवत नाही. पण बदलताच येत नाही असं नाही. विधेयक मांडतात, मग त्यावर चर्चा होते, मग एकेक खंड म्हणजे कलम मताला टाकतात, त्या टप्प्यावर कुठलाही आमदार दुरुस्तीची सूचना देऊ शकतो, अमुक तारखेऐवजी तमुक तारीख असा एका ओळीचा बदल. विरोधी आमदाराने दिली तर बहुतेक पडते, खरं सांगतो. पण मंत्र्यालाच पटलं तर सरकारच स्वतःहून दुरुस्ती आणतं आणि मग पाच मिनिटांत होते. एका सभागृहात झालं की दुसऱ्यात जातं, मग राज्यपालांची सही, मग राजपत्र. राजपत्रात आल्याशिवाय पेढे वाटू नका. महिलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक आठवतंय का? डिसेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, राष्ट्रपतींकडे गेलं आणि कायदा काही झालं नाही.

लोकांचं वाचतात का? कधीकधी. नक्षलवादाविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या आणि मसुद्यात काही बदलही झाले. पण तिथे समिती होती, महिने होते. इथे अधिवेशनच जेमतेम आठवड्याचं, समिती वगैरे होणार नाही. त्यामुळे आत्ता, अधिवेशनाच्या आधीच, तुमच्या आमदारांच्या संपर्क कार्यालयात जा.

निवेदन एक पानाचं. दोन पानं झाली की वाचत नाहीत. जुलैत सभागृहात सांगितलेली तारीख, अध्यादेशातली तारीख, मधल्या काळात व्यवहार झालेली तुमच्या प्लॉटिंगमधली घरं किती, आणि मागणी एकच. पाटल्यांचं लिहू नका. अध्यादेशाची प्रत जोडा आणि ज्या ओळीत तारीख आहे तिच्याखाली पेन्सिलने रेघ मारा, पीए लोक रेघ मारलेलंच वाचतात, मीही तेच करायचो. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

विधेयकाची प्रत मांडल्यावर विधानमंडळाच्या वेबसाईटवर येते, विधानसभा विधेयक क्रमांक अमुक असं. त्यात शेवटाकडे 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, ते आधी वाचा, साध्या मराठीच्या त्यातल्या त्यात जवळ तेच असतं.

तळेगावकर_काकू:
इसार पावतीचं कोणीच बोललं नाही. आमच्या वकिलांच्या मते इसार, चेक, ताबा हे सगळं मिळून व्यवहाराची सुरुवात दाखवता येते.

सातबारा_सम्राट:
काकू, सुरुवात दाखवता येईल, हस्तांतरण कसं दाखवणार? इसार पावतीने जागेत हक्क येत नाही, आणि खरं म्हणजे नुसत्या नोटरीनेही येत नाही, शंभर रुपयांच्या वरच्या जागेची विक्री रजिस्टर दस्तानेच होते. नोटरीवाल्यांना नंतर नोंदणी करून घ्यायची संधी दिलीय ती मुदतीतल्या व्यवहारांसाठी. तुमचे वकील बरोबर ठरले तर मला आनंदच आहे. पण पावतीवर भिस्त ठेवून बसू नका, जपून मात्र ठेवा, मूळ प्रत, लॅमिनेशन न करता. लॅमिनेशन केलं की स्टँपवर काही शेरा मारता येत नाही आणि लोक हमखास करतात.

तळेगावकर_काकू:
त्यांनाच विचारते पुन्हा. फी घेताना तर अगदी ठाम होते.

कोकणातला_बाबू:
दीडगुंठा ताई, त्या गटाचा सातबारा काढला का नवा? आमच्याकडे एकाने तोच तुकडा दोघांना नोटरी करून दिला होता. बाहेर विधेयक काय यायचं ते येऊ दे, आधी आत काय आहे ते बघा. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा आहे का, कुणाचं 'तुकडा' शेऱ्यासकट नाव आधीच लागलंय का. तलाठ्याकडे जा, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, बसतो तिथेच.

दीडगुंठा:
अपडेट देतेय, तीन दिवसांनी.

सातबारा काढला. बोजा नाही, पण इतर हक्कात चार नावं आहेत जी आम्हाला कोणी सांगितली नव्हती, पुढे 'तुकडेबंदी विरुद्ध व्यवहार' असा शेरा. आमच्या १७ नंबरवर त्यातलं कोणी नाही असं प्लॉटिंगवाला फोनवर म्हणाला, पण आता त्याचं म्हणणं मी मोबाईलवर लिहूनच मागतेय आणि लिहून काही येत नाहीये. जुना स्टँप नको म्हणून सांगितलं तर म्हणाला तुमची मर्जी, मग रडत येऊ नका.

तारखेच्या फटीत अडकलेले आमच्या प्लॉटिंगमधे आम्ही धरून सात निघाले! एक तर ३१ डिसेंबर २०२४ चे आहेत, ते जुलैच्या तारखेतसुद्धा एका दिवसाने बसत होते बिचारे. सातही जणांच्या सह्या घेतल्या, एक पान, पेन्सिलची रेघ. काल आमदारांच्या ऑफिसला गेले. आमदार नव्हते, पीए होते, त्यांनी खरंच आधी रेघच बघितली आणि म्हणाले, मॅडम या आठवड्यात हेच घेऊन आलेल्या तुम्ही चौथ्या. मी विचारलं मग होईल का, तर म्हणाले साहेब नागपूरला जाताना फाईल बरोबर घेतील, एवढंच सांगू शकतो.

पोच मिळालीय, तारखेच्या शिक्क्यासकट. विधेयकाचा क्रमांक कोणाला आधी दिसला तर इथेच टाका, मी रोज रात्री भांडी झाली की बघतेय.