पीएस४ (प्लेस्टेशन ४ गेम कन्सोल) मॉनिटरला लावला, चित्र येतंय पण आवाज नाही. अर्जंट मदत हवी आहे

रोहन_सांगली (बुधवार, रात्री १०:४२)
मंडळी, दोन दिवस ह्यातच अडकलोय. पीएस४ मॉनिटरला जोडलाय. चित्र एकदम स्वच्छ, आवाज मात्र शून्य. सगळं करून बघितलं. बंद करून चालू केला, वायर काढून परत लावली, आवाज फुल करून ठेवलाय. हॉलमधल्या टीव्हीला लावला की व्यवस्थित ऐकू येतं, म्हणजे पीएस४ चांगला आहे. पण संध्याकाळी हॉलचा टीव्ही आईबाबांचा असतो, म्हणून खोलीत मांडलाय. स्पीकर आहेत माझ्याकडे, कॉम्प्युटरला छान वाजतात. शनिवारी मित्र खेळायला येणार आहेत, त्याआधी व्हायलाच हवं. जाणकारांनी लवकर सांगा.

वायरमन_अण्णा (१०:५५)
मॉनिटर कुठला? मागे कोणकोणते पोर्ट आहेत? मॉनिटरला स्वतःचे स्पीकर आहेत का? पीएस४ जुना जाडा, स्लिम की प्रो? एवढं सांगितल्याशिवाय कुणालाच काही सांगता येणार नाही.

सुहास७१ (११:०३)
डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, साउंडचा ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. विंडोज स्वतः परत टाकून घेतं. माझा आवाज गेला होता तेव्हा ह्यानेच आला.

पूर्वा_डोंबिवली (११:१०)
एक सल्ला देते, पटला तर बघा. मॉनिटर विका आणि ३२ इंची टीव्ही घ्या. माझ्या मुलासाठी मी हेच केलं. स्पीकर आतच, रिमोट हातात, वायरींचं जंजाळ नाही. मॉनिटरमध्ये स्पीकर असले तरी दोन वॉटचे असतात, त्यात गेमची मजा नाही.

रोहन_सांगली (११:२१)
सुहासजी, कॉम्प्युटरचा इथे संबंधच नाही, तो बंद आहे. पूर्वाताई, आत्ता टीव्ही घेण्याइतके पैसे नाहीत.
अण्णा, पीएस४ स्लिम आहे. मॉनिटर २० इंची, जुना आहे पण चांगला चालतो. वायर एचडीएमआयचीच, पीएस४च्या खोक्यात आलेली. मॉनिटरच्या मागे एक गोल भोक आहे, त्यात स्पीकरची पिन लावून बघितली. काहीच वाजत नाही.

निनाद_पिंपरी (११:३०)
सोपं आहे. ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणारी वायर) वापरा. पीएस४च्या मागे ऑप्टिकल पोर्ट असतो, त्यातून साउंडबारला वायर न्या. मी २०१४ पासून असाच ऐकतोय.

वायरमन_अण्णा (११:३४)
निनाद, तुमचा पहिला जाडा पीएस४ असणार. त्याला ऑप्टिकल होता, प्रोलाही आहे. २०१६ च्या स्लिममधून तो काढून टाकला. रोहनकडे स्लिम आहे, तिथे फक्त एचडीएमआय.

निनाद_पिंपरी (११:३७)
बरोबर, स्लिमचं लक्षात आलं नाही. मग ब्लूटूथ स्पीकर जोडा.

क्षितिजा_एम (११:४५)
तेही जमणार नाही. पीएस४ साधे ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर थेट घेत नाही. यादीत नाव दिसतं, जोडायला गेलं की नाही म्हणतो. त्यासाठी वेगळा यूएसबी डाँगल लागतो.
रोहन, आज रात्रीच खेळायचं असेल तर एक करा. साध्या वायरीचा हेडफोन कंट्रोलरच्या खालच्या भोकात लावा. मग सेटिंग्ज, डिव्हाइसेस, ऑडिओ डिव्हाइसेस, आउटपुट टू हेडफोन्समध्ये जाऊन ऑल ऑडिओ निवडा. ते चॅट ऑडिओवर असेल तर फक्त बोलणं ऐकू येतं, गेमचा आवाज येत नाही. बरेच जण इथेच फसतात.

रोहन_सांगली (११:५८)
क्षितिजा, केलं. हेडफोनमध्ये आवाज आला! आभार. पण चौघं खेळणार आहोत, हेडफोन कसा चालेल? स्पीकरवरच हवा.

निनाद_पिंपरी (गुरुवार, सकाळी ८:१५)
मग स्पीकरचीच पिन कंट्रोलरमध्ये लावा. पिन तीच ३.५ मिमीची आहे.

क्षितिजा_एम (८:४०)
वाजेल, पण असं खेळू नका. कंट्रोलरला वायर लटकते, कुणी ओढली की जॅक ढिला होतो. बॅटरीही लवकर उतरते. माझ्या भावाचा जॅक असाच गेला, दुरुस्तीला पाचशे रुपये पडले.

निनाद_पिंपरी (८:४८)
मी महिनाभर वापरलंय, काही झालं नाही. लांब ऑक्स वायर घेतली की ताण येत नाही.

वायरमन_अण्णा (९:०५)
तो वाद नंतर. रोहन, मूळ प्रश्न तसाच राहिलाय. पीएस४मधून एचडीएमआय वायर निघते. तिचं दुसरं टोक मॉनिटरच्या नक्की कशात जातं? २० इंची जुन्या मॉनिटरला एचडीएमआय असणं कठीण वाटतं. मागचा फोटो टाका.

रोहन_सांगली (दुपारी १:१२)
मॉनिटरला एचडीएमआय नाहीये. मधे ती छोटी काळी डबी आहे ना, त्यातून जातं. निळा १५ पिनांचा पोर्ट आहे मॉनिटरला, दोन स्क्रूवाला. चित्र येतंय ना पण! म्हणून नाही लिहिलं.

वायरमन_अण्णा (१:२०)
सगळं उत्तर त्या डबीत आहे. तो निळा पोर्ट म्हणजे व्हीजीए, १९८७ सालचा, आणि डबी म्हणजे एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर. त्यातून फक्त चित्र जातं, आवाजासाठी त्यात तारच नाही. पीएस४ एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज दोन्ही पाठवतोय, टीव्हीला दोन्ही मिळतात. तुमच्याकडे आवाज डबीपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. मॉनिटरमध्ये काही बिघाड नाही.
आता ते गोल भोक. त्याच्याजवळ काय लिहिलंय ते बॅटरी मारून बघा. जुन्या मॉनिटरांना बहुतेक वेळा ऑडिओ इन असतं, म्हणजे आवाज आत घेण्याचं. त्यात स्पीकर लावला तर तो कसा वाजणार?

सुहास७१ (१:३३)
व्हीजीए आणि डीव्हीआय (मॉनिटरचा त्यानंतरचा पोर्ट) दोन्हीतून आवाज जात नाही, हे मीही सांगणार होतो.

गजानन_के (१:५०)
डीव्हीआयबद्दल असहमत. माझ्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डच्या डीव्हीआय पोर्टातून एचडीएमआय वायरने टीव्हीला आवाज गेलेला आहे, मी स्वतः ऐकलाय.

वायरमन_अण्णा (२:०५)
गजाननराव, तुमचा अनुभव खरा आहे. काही कार्डं डीव्हीआयच्या पोर्टातून एचडीएमआयचाच सिग्नल पाठवतात आणि समोर टीव्ही असतो, तो आवाज उचलतो. पण डीव्हीआय मॉनिटरच्या बाजूला असेल तर तो मॉनिटर आवाज घेत नाही. पीएस४ला डीव्हीआय मॉनिटर लावणाऱ्यांची गत रोहनसारखीच होते.

मोहिनी_नाशिक (२:३०)
अवांतर: लहानपणी मे महिन्यात आमच्याकडे कॅसेटवाला टीव्ही गेम होता. पिवळी वायर चित्राची, पांढरी आवाजाची. पांढरी निघाली की गेम मुका व्हायचा आणि आम्ही भावंडं कॅसेट काढून फुंकर मारत बसायचो. कुठली वायर कशाची हे तेव्हा रंगावरून तरी कळायचं. आता एकाच वायरीत सगळं, त्यामुळे मुलांना कळतच नाही की आवाज कुठे अडला.

गजानन_के (२:४१)
+१. आमच्या कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेलं असायचं आणि तेच पाचसहा परत परत यायचे.

रोहन_सांगली (संध्याकाळी ६:४५)
भोकाजवळ ऑडिओ इन लिहिलंय. म्हणजे अण्णा म्हणाले तेच. आता पुढे काय? डबी टाकून नवीन काय घेऊ?

वायरमन_अण्णा (६:५२)
आधी काही विकत घेऊ नका. डबीच्या कडा नीट बघा. ह्या कन्व्हर्टरमध्ये दोन प्रकार मिळतात, आवाजाचं भोक असलेला आणि नसलेला.

रोहन_सांगली (७:०४)
बाजूला दोन भोकं आहेत. एक जुन्या मोबाइल चार्जरसारखं, दुसरं गोल. मला वाटलं दोन्ही चार्जिंगची आहेत, म्हणून कधी हात लावला नाही.

क्षितिजा_एम (७:०७)
ते गोल आवाजाचंच! स्पीकरची पिन थेट त्यात लावा.

रोहन_सांगली (७:३०)
लावली. तरी शांत.

क्षितिजा_एम (७:३८)
हॉलच्या टीव्हीला साउंडबार आहे का? असेल तर कुणीतरी पीएस४ डॉल्बीवर (अनेक स्पीकरांसाठीचा सांकेतिक आवाज) ठेवला असेल. डबीला ते उलगडता येत नाही, तिला साधा स्टिरिओ लागतो. सेटिंग्ज, साउंड अँड स्क्रीन, ऑडिओ आउटपुट सेटिंग्ज, तिथे ऑडिओ फॉरमॅटमध्ये लिनियर पीसीएम करा. प्रायमरी आउटपुट पोर्टही एकदा उघडून एचडीएमआयवर दोन चॅनेल निवडा. आणि कंट्रोलरमधला हेडफोन काढलाय ना? तो लागलेला असेल तर सगळा आवाज तिकडेच जातो.

रोहन_सांगली (७:५५)
आला!!! डॉल्बीवरच होता, साउंडबार घेतला तेव्हा मीच केलं होतं. क्षितिजा, अण्णा, मनापासून आभार. फक्त मागून सतत घूंऽऽ असा आवाज येतोय. गेम थांबवला की जास्त जाणवतो.

निनाद_पिंपरी (८:०२)
स्पीकर जुने असतील, बदला.

वायरमन_अण्णा (८:१०)
कॉम्प्युटरला ते छान वाजतात असं त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. रोहन, डबीच्या दुसऱ्या भोकाला वीज कुठून देताय?

रोहन_सांगली (८:१४)
आत्ताच मोबाइलचा जुना चार्जर लावला, म्हटलं बरं पडेल.

वायरमन_अण्णा (८:१७)
तो काढा. पीएस४च्या पुढच्या यूएसबीमधूनच वीज द्या. हलक्या चार्जरची घरघर आवाजाच्या तारेत उतरते. स्पीकर आणि पीएस४चे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर ठेवा. तरी राहिली तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी गोष्ट मिळते, ती ऑक्सच्या वायरीत बसवायची.

रोहन_सांगली (८:३१)
चार्जर काढल्याबरोबर गेली. पूर्ण शांत. अण्णा, शनिवारी सांगलीत असाल तर घरी या, चहा माझ्याकडे.

पूर्वा_डोंबिवली (८:५०)
छान झालं. तरी पुढच्या दिवाळीत टीव्हीचा विचार करा. डबीतला आवाज तो डबीतलाच.

तेजस_०७ (रविवार, सकाळी ११:२०)
हाच धागा शोधत होतो. माझी डबी पण व्हीजीएचीच, पण तिला गोल भोकच नाही, नुसती वायर आहे. मॉनिटर दोनच महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतलाय, बदलायचा नाही. काय करू?

वायरमन_अण्णा (११:४८)
दोन रस्ते. भोक असलेली डबी घ्या, स्वस्तात काम होतं. किंवा एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर घ्या. क्रम असा: कन्सोल, मग एक्स्ट्रॅक्टर, मग तुमची डबी, मग मॉनिटर. एक्स्ट्रॅक्टरमधून स्पीकरची पिन निघते. उद्या एचडीएमआय मॉनिटर घेतला तरी एक्स्ट्रॅक्टर कामाला येतो, डबी नाही. कन्सोल कुठला आहे तुमच्याकडे?

तेजस_०७ (११:५५)
निन्टेंडो स्विच. डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) लावलेला.

क्षितिजा_एम (दुपारी १२:०९)
मग काहीच घेऊ नका! स्विचच्या डोक्यावरचं हेडफोनचं भोक डॉकमध्ये असतानाही चालतं. स्पीकरची पिन सरळ त्यात लावा. ब्लूटूथ स्पीकर असेल तर सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून तोही जोडता येतो, पण तेव्हा वायरलेस कंट्रोलर दोनच चालतात आणि आवाज किंचित मागे पडतो. वायरच बरी.