मदत हवी आहे: नगरपालिकेला पाणीगळती शोधण्याची सेवा द्यायची आहे, निविदा निघण्याआधी काय करावं?

आम्ही तिघं मिळून जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपांमधली गळती शोधून देतो. आजवरची सगळी कामं खासगी होती: कारखाने, मोठी गृहसंकुलं, एक-दोन शैक्षणिक परिसर. आता एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला आमच्या कामात रस दिसतोय आणि लवकरच निविदा निघेल अशी चिन्हं आहेत. सरकारी खरेदीचा आम्हाला अनुभव नाही. इथे पुरवठादार आहेत, लेखा विभागात काम केलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

याच विभागाने मागे अशी एक निविदा काढली होती. पुरेसे स्पर्धक न आल्याने ती रद्द झाली. तिची जाहीर झालेली कागदपत्रं आम्ही नीट वाचली. त्यात दर मागितला होता 'प्रति किलोमीटर' आणि काम मिळणार होतं सर्वांत कमी दरवाल्याला. पाइप कशाचे आहेत, याचा मात्र कुठेच उल्लेख नव्हता!

हे एवढं का खटकतं ते सांगते. आमच्याकडे कॉरिलेटर नावाचं यंत्र असतं. त्याचे दोन सेन्सर रस्त्यावरच्या दोन व्हॉल्व्हवर बसवायचे. मधे कुठे गळती असेल तर तिचा आवाज पाइपातून दोन्हीकडे जातो, एका सेन्सरला थोडा आधी, दुसऱ्याला थोडा नंतर. त्या वेळेच्या फरकावरून आणि पाइपातल्या आवाजाच्या वेगावरून खड्डा कुठे खणायचा ते कळतं. बिडाच्या पाइपात हा वेग सेकंदाला १००० मीटरच्या वर असतो, प्लास्टिकच्या पाइपात त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. शिवाय प्लास्टिकमध्ये आवाज लवकर विरतो, त्यामुळे सेन्सर जवळजवळ लावावे लागतात. लांबी तेवढीच, पण काम कितीतरी जास्त. दोन्हीसाठी एकच दर भरायचा म्हटलं तर प्रामाणिक माणूस चढा दर भरणार आणि ज्याला नुसतं रस्त्यावरून फिरून अहवाल द्यायचाय तो कमी भरून काम घेऊन जाणार. पाणी मात्र तसंच वाहत राहणार. आम्हाला काम मिळावं हे आहेच, पण ही निविदा पुन्हा तशीच निघाली तर शहराचंही नुकसान आहे असं मला मनापासून वाटतं.

आता प्रश्न.

सर्वांत मोठी अडचण ही. अभियंता म्हणतात, एखाद्या भागात विनामूल्य प्रात्यक्षिक करून दाखवा आणि काय काय अटी हव्यात तेही लिहून द्या. तसं लिहून दिलं तर उद्या कोणी 'अटी यांनीच लिहिल्या' म्हणून आम्हाला बाद करू शकेल का? मी थोडं वाचलं. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात असं आहे की, ज्याचा त्या खरेदीत व्यापारी हितसंबंध असू शकतो त्याच्याकडून स्पर्धा संपेल अशा रीतीने तांत्रिक अटींसाठी सल्ला घेऊ नये. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात मात्र निविदेआधी बाजाराशी बोलायला उघड परवानगी आहे. आधी सहभागी झालेल्याला मिळालेली माहिती बाकीच्यांनाही द्यायची, पुरेसा वेळ द्यायचा, आणि दुसरा कुठलाच उपाय उरला नाही तरच त्याला वगळायचं, असं ते सांगतात. प्रत्यक्षात ही रेघ कुठे ओढायची?

दुसरं म्हणजे अनुभवाची अट. मागच्या निविदेत स्थानिक संस्थांसाठी केलेली तीन कामं मागितली होती. खासगी कामांचे दाखले आमच्याकडे भरपूर आहेत, सरकारी एकही नाही. पहिलं काम मिळायला आधीचं काम लागतं, मग नव्याने शिरणारे शिरतात कसे?

तिसरं, पैसे. तिघांच्या फर्मला बिल किती काळ अडकलेलं परवडेल याला मर्यादा आहे.

आणि चौथा प्रश्न छोटासा: दर किलोमीटरऐवजी 'वाचलेल्या पाण्यावर मोबदला' असं सुचवणं शहाणपणाचं आहे का?

जुना लेखापाल:
ताई, प्रश्न छान मांडलात. मी एका स्थानिक संस्थेच्या लेखा विभागातून निवृत्त झालोय, तेव्हा पैशाच्या बाजूने बोलतो.

अभियंत्यांना रस आहे ही चांगली गोष्ट, पण तेवढ्याने काही ठरत नाही. आधी एवढंच विचारा की या कामाला तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे. उत्तर 'बघू, करू' असं आलं तर काम या वर्षी होणार नाही असं धरून चाला. अंदाजपत्रक जाहीर कागद असतो, तो मिळवून पाणीपुरवठ्याची पानं स्वतः वाचा. देखभाल-दुरुस्तीत पैसे असतील तर मंजुरी तुलनेने खालच्या पातळीवर होते. नवं काम म्हणून गेलं तर समिती, सभा, ठराव हे सगळं आलं. नवीन अंदाजपत्रक तयार होत असतानाच तुमचं टिपण विभागात पोचलेलं असायला हवं, मंजूर झाल्यावर पोचून उपयोग नाही.

टिपण एकच पान ठेवा. त्यात कॉरिलेटर नको. शहर रोज किती पाणी उपसतं, किती पाण्याचं बिल होतं, मधला फरक किती आणि तेवढं पाणी शुद्ध करून चढवायला वीज आणि रसायनं किती लागतात, एवढंच. आकडे त्यांच्याच अहवालातले घ्या. सभेत बसणाऱ्या सदस्याला तेच समजतं आणि तोच हात वर करतो.

बिलाचं म्हणाल तर ते बहुतेक वेळा पैसे नाहीत म्हणून अडत नाही, कागद अपुरा म्हणून अडतं. कार्यादेशात लिहिलेलं कामाचं नाव, मोजमापाची नोंद आणि तुमच्या बिलावरचं वर्णन अक्षरशः एक हवं. 'गळती सर्वेक्षण' आणि 'गळती शोध' असे दोन शब्द दोन कागदांवर आले की लेखापरीक्षणाची शंका निघते आणि फाइल परत खाली जाते. काम टप्प्यांत मागा. प्रत्येक टप्प्याला सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला त्याच आठवड्यात घ्या, कारण अधिकारी बदलून गेला की नवा माणूस जुन्या कामावर सही करत नाही. आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यात बिल लावायची वेळ येऊ देऊ नका.

ठेकेदार पिढी दुसरी:
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. अनुभवाच्या अटीबद्दल सांगतो.

सरळ मार्ग तीन. एखाद्या मोठ्या पाइपलाइन ठेकेदाराबरोबर संयुक्त उपक्रम करून भरा. नाहीतर त्याचे उपठेकेदार व्हा आणि कामाचा दाखला स्वतःच्या नावाने मिळेल असं करारात आधीच लिहून घ्या, हे विसरू नका. तिसरा मार्ग म्हणजे निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा की 'स्थानिक संस्था' ऐवजी 'समान स्वरूपाचं काम' असं केलं तर चालेल का. पटलं तर शुद्धिपत्रक निघतं आणि ते निविदेचा भाग होतं. तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही, मग ते कोणीही देवो. उलाढालीची अट फार मोठी असेल तर तीही तिथेच विचारा. तुम्ही म्हणता त्या युरोपीय निर्देशात किमान उलाढाल अंदाजित रकमेच्या दुपटीपेक्षा जास्त मागू नये असं आहे. तुमच्याकडे तो नियम लागू नसला तरी मुद्दा मांडायला उपयोगी पडतो.

एक सावधगिरी: बैठकीतल्या प्रश्नांची उत्तरं सगळ्या स्पर्धकांना जातात. तेव्हा पद्धत उघड होईल असा प्रश्न विचारू नका. 'पाइपाच्या प्रकारानुसार लांबीचा तक्ता द्याल का' एवढं विचारलंत तरी तुमचं काम होतं आणि बाकीच्यांचंही भलं होतं.

प्रात्यक्षिकाबद्दल माझं मत ठाम आहे. जरूर करा, पण विभागाचं लेखी पत्र घेऊन, आणि अहवाल निविदेसोबत सर्वांना जोडायला हरकत नाही असं लिहून देऊन. अटींचा मसुदा मात्र लिहून देऊ नका. कुठली माहिती गोळा करायला हवी याची यादी द्या, पाइपाचा प्रकार, वय, दाब, व्हॉल्व्हमधली अंतरं. यंत्राचं नाव, मॉडेल, तुमच्याकडेच असलेलं प्रमाणपत्र यातलं काहीही त्यात नको. मी तरी रेघ तिथेच ओढतो.

पाणी विभाग, दुसरं शहर:
चौथ्या प्रश्नावर: नका सुचवू, निदान पहिल्या कामात तरी. वाचलेलं पाणी मोजायचं कसं? पुरवठा चोवीस तास असेल तर मध्यरात्रीनंतरचा किमान प्रवाह बघता येतो (तेव्हा वापर अगदी कमी, म्हणून वाहतं ते बरंचसं गळतीचं), पण तो दाबावरही अवलंबून असतो. दाब कमी केला की गळती न बुजवताही प्रवाह उतरतो, वाढवला की चढतो. दाब आमच्या हातात, मोबदला तुमचा. भांडण ठरलेलं. शिवाय तुम्ही जागा दाखवलीत आणि आमच्या माणसांनी महिनाभर खणलंच नाही तर पाणी वाचणार कुठून? त्यापेक्षा 'खणून खात्री झालेल्या प्रत्येक गळतीमागे' दर मागा आणि सर्वेक्षणाचा मूळ दर वेगळा ठेवा. खणण्याची मुदत आणि मुदत उलटली तर काय, हेही त्यातच येऊ द्या.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. अंदाजपत्रकाची पानं मागवली आहेत. प्रात्यक्षिकासाठी पत्र द्या अशी विनंती विभागाला लेखी करतोय, आणि मसुद्याऐवजी माहितीची यादी देणार आहोत. वाचलेल्या पाण्यावरच्या मोबदल्याचा विचार सोडून दिला. दाबाचा मुद्दा आम्हाला तांत्रिकदृष्ट्या माहीत होता, पण करारात तो असा येईल हे लक्षात आलं नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. खणल्यावर गळती थोडी बाजूला सापडली तर ती 'खात्री झालेली' धरायची की नाही? किती मीटरपर्यंतचा फरक मान्य करावा, असा आकडा कोणी आपल्या करारात घातला असेल तर कृपया शब्दरचनेसकट सांगा. प्लास्टिकच्या पाइपांसाठी तो वेगळा ठेवला होता का, तेही.